कानातला गेमिंग हेडसेट निवडताना: आधी जॅक, मग माइक, आवाज सगळ्यात शेवटी

डोक्यावर चढवायचा गेमिंग हेडसेट साधारण २५० ते ३५० ग्रॅमचा असतो. कानात बसणाऱ्या हेडसेटचा एक इअरपीस ४ ते ८ ग्रॅमचा, आणि वायर धरली तरी सगळा संच बहुधा ४० ग्रॅमच्या आत राहतो. चार तासांच्या स्ट्रीमनंतर हा फरक मानेला कळतो. चष्मा लावणाऱ्याला तर तासाभरातच कळतो, कारण मोठ्या हेडसेटची गादी चष्म्याची काडी कानशिलात दाबत असते. शिवाय कॅमेऱ्यासमोर केस चपटे होत नाहीत, कान घामाने भिजत नाहीत आणि गेमचा आवाज बाहेर गळून माइकमध्ये शिरत नाही.

या सोयीच्या बदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात. माइकला नीट जागा उरत नाही, वजनाचा भार डोक्यावरून उतरून कानाच्या नळीवर येतो, आणि बोलताना स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. या तिन्हींवर उपाय आहेत, पण ते खरेदीच्या आधी ठरवावे लागतात. म्हणून ‘बास कसा आहे, ड्रायव्हर (आत आवाज काढणारे भाग) किती आहेत’ इथून सुरुवात करू नका. पिन कुठे जाणार, तुमचं बोलणं कुठून जाणार, वस्तू कानात टिकणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्ध्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांतून आवाज निवडणं सोपं असतं.

पायरी १: पिन कुठे जाणार?

हेडसेटची ३.५ एमएम पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे तीन भाग: डावा, उजवा आणि ग्राउंड. हा फक्त इअरफोन, माइक नाही. तीन रेघा म्हणजे चार भाग: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. पहिल्या प्रकाराला टीआरएस म्हणतात, दुसऱ्याला टीआरआरएस.

मोबाइल, आताचे बहुतेक लॅपटॉप आणि प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा जॅक चार भागांच्या पिनेसाठीच असतो. एक्सबॉक्सच्या सध्याच्या कंट्रोलरवरही तो आहे. डेस्कटॉप कॉम्प्युटरवर मात्र बहुधा दोन वेगळे जॅक असतात, ऐकण्यासाठी हिरवा आणि माइकसाठी गुलाबी. चार भागांची पिन हिरव्या जॅकमध्ये घातली तर ऐकू येईल, पण माइक मेलेला असेल. यात हेडसेटचा दोष नाही. त्यासाठी वाय आकाराचा स्प्लिटर लागतो.

स्प्लिटर घेताना हमखास एक गोंधळ होतो. दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन वस्तू मिळतात. एका पिनेतून दोन इअरफोन चालवणारा स्प्लिटर म्हणजे एक पिन आणि दोन भोकं. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो उलटा असतो: एक भोक आणि दोन पिना, आणि त्या पिनांवर हेडफोन व माइकची चिन्हं.

पिनेवरच्या ग्राउंड आणि माइकच्या जागांचेही दोन प्रकार आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. सध्याची जवळजवळ सगळी उपकरणं सीटीआयए पाळतात, पण जुन्या मोबाइलबरोबर आलेला हेडसेट कधीकधी दुसऱ्या प्रकारचा निघतो. तो ओळखायचा कसा? माणसांचे संवाद पोकळ, दुरून आल्यासारखे ऐकू येतात आणि वायरवरचं बटण दाबून धरलं की आवाज अचानक ठीक होतो. ग्राउंड तुटला की डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक तेवढा कानात पोचतो आणि मध्यभागी असलेला आवाज, म्हणजे नेमका माणसाचा आवाज, कटून जातो. पिन अर्धवट घुसली असेल तरी हेच होतं. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे हे इतक्यांदा घडतं, की हेडसेट परत करण्याआधी एकदा कव्हर काढून पाहावं.

मोबाइलला फक्त यूएसबी-सी असेल तर दोन वाटा आहेत: थेट यूएसबी-सी हेडसेट, किंवा ३.५ एमएम हेडसेट आणि छोटा डोंगल. दुसरी वाट अधिक टिकाऊ, कारण वायर तुटली तर डोंगल वाचतो आणि डोंगल गेला तर हेडसेट. डोंगल घेताना त्याच्या आत डॅक चिप (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारी) आहे का, हे पाहा. बिनचिपचे साधे अडॅप्टर यूएसबी-सी मधून अ‍ॅनालॉग आवाज सोडणाऱ्या मोजक्याच फोनवर चालतात, बाकीकडे मुके राहतात. डोंगल माइक घेतो का, हेही वर्णनात स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि ४.४ एमएमच्या बॅलन्स्ड पिनेच्या मोहात पडू नका. ती संगीत ऐकणाऱ्यांसाठी आहे, तिच्यावर माइकची सोय नसते.

शेवटी लांबी. कानातल्या हेडसेटची वायर बहुधा १.२ मीटरची असते. मोबाइलला आणि कंट्रोलरला ती पुरते. टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या जॅकपर्यंत मात्र ती पोचत नाही, आणि पोचली तरी खुर्ची मागे सरली की इअरपीस कानातून खेचला जातो. १ मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या, पण तीही चार भागांची. तीन भागांच्या एक्स्टेन्शनने माइक बंद पडतो आणि मग खापर हेडसेटवर फुटतं.

पायरी २: वायर हवी की नको

स्पर्धेचा गेम आणि थेट प्रक्षेपण, दोन्ही करणार असाल तर वायरचाच घ्या, इतकं स्पष्ट सांगता येतं. कारणं दोन आहेत आणि दुसरं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं.

पहिलं कारण उशिराचं. साध्या ब्लूटूथवर, एसबीसी किंवा एएसी कोडेकने (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीने), आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडू शकतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला तर गोळी सुटल्यानंतर १२ फ्रेमनी तिचा आवाज कानात येतो. सिनेमा पाहताना अ‍ॅप चित्रच मागे सरकवून ही चूक झाकतं. गेमला ती सोय नाही.

दुसरं कारण माइकचं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर उत्तम स्टिरिओ आवाज आणि माइक एकाच वेळी चालत नाहीत. व्हॉइस चॅट सुरू होऊन माइक उघडला की जोडणी फोनकॉलच्या प्रोफाइलवर जाते. गेमचा आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो आणि आवाजाच्या नमुन्यांचा दर (सॅम्पल रेट) ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झवर उतरतो. पाऊल डावीकडून आलं की उजवीकडून, हे कळायचा प्रश्नच उरत नाही. ‘इअरबड्स गाण्याला छान आहेत पण गेममध्ये डबा वाजल्यासारखे वाटतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण सुटते, पण इअरबड आणि मोबाइल किंवा कॉम्प्युटर, दोन्ही टोकांना ती चालायला हवी.

वायर अजिबातच नको असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला संच पाहा. त्यात उशीर फार कमी असतो आणि माइक उघडल्यावर आवाज घसरत नाही. घेण्यापूर्वी कन्सोलची गाठ तपासा. प्लेस्टेशन ५ ब्लूटूथ हेडसेट थेट जोडून घेत नाही, पण असे डोंगल बहुधा स्वीकारतं. एक्सबॉक्सची बिनतारी पद्धत वेगळी असल्यामुळे खोक्यावर एक्सबॉक्सचा स्पष्ट उल्लेख नसेल तर डोंगल चालणार नाही असंच धरा. बॅटरीचे छापील तास बहुधा चार्जिंगच्या डबीसकट असतात. तुम्हाला हवा असतो तो एका चार्जचा, माइक चालू असतानाचा आकडा.

पायरी ३: तुमचं बोलणं कुठून जाणार

‘गेमिंग आणि स्ट्रीमिंग’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी ही दोन कामं वेगळी आहेत. संघातल्या चौघांना ‘मागे बघ’ ऐकू जाणं वेगळं आणि प्रेक्षकांनी दोन तास तुमचा आवाज ऐकत बसणं वेगळं. माइकच्या तीन तऱ्हा आहेत.

वायरवरचा छोटा माइक. तो छातीच्या वरच्या भागाशी लोंबतो, तोंडापासून १५ ते २५ सेंटिमीटरवर. तो चारही दिशांचं सारखंच टिपतो, त्यामुळे पंखा, कीबोर्ड, शेजारची खोली सगळंच येतं. मान वळली की तो कॉलरला घासतो आणि ऐकणाऱ्याला खरखर ऐकू येते. क्लिप लावून वायर कपड्याला बांधली तर घासणं बरंच कमी होतं. संघाशी बोलायला हा पुरतो, स्ट्रीमला नाही.

बूम माइक. गालापाशी येणारी लवचीक दांडी आणि टोकाला माइक. तोंडापासून अंतर ठरलेलं राहतं, त्यामुळे पातळी वरखाली होत नाही. माइक ओठांच्या समोर नको. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का त्याच्यावर आदळत नाही. इथली खरी कटकट वजनाची आहे. दांडी एकाच इअरपीसला टांगलेली असेल तर ती त्या बाजूला ओढते, इअरपीस हळूहळू फिरतो आणि कानातली हवाबंद बैठक सुटते. वायर कानावरून मागे जाणारा आणि दांडी इअरपीसवर नाही तर वायरच्या ताठ आकड्यावर बसवलेला प्रकार त्यातल्या त्यात चांगला. दांडी काढता आली तर आणखी चांगलं.

वेगळा माइक. स्ट्रीम करणाऱ्याने मनापासून विचार करावा असा पर्याय हाच. कानात बिनमाइकचा इअरफोन आणि टेबलावर आर्मला लावलेला कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं टिपणारा) यूएसबी माइक, तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर. खोलीत आवाज जास्त असेल तर डायनॅमिक प्रकार घ्या. कंडेन्सर माइक दूरचं जास्त टिपतो. एकाच संचात सगळं शोधण्यापेक्षा याच मार्गाने दोन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या मिळतात आणि कानातलं वजनही सर्वांत कमी राहतं.

सध्या माइक नको पण पुढे लागेल असं वाटत असेल तर वायर सुटणारा इअरफोन घ्या. त्यावर नंतर बूम माइकची वायर चढवता येते. जोड दोन प्रकारचे असतात: ०.७८ एमएमची दोन पिनांची जोडणी, किंवा गोल फिरणारा एमएमसीएक्स. वायर घेण्याआधी कोणता आहे ते पक्कं करा. दोन पिनांच्या जोडात एक बाजू उलटी बसली तर काही जळत नाही, पण दोन्ही कान एकमेकांच्या विरुद्ध ढकलू लागतात. बास पोकळ वाटतो आणि मधला आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं. एमएमसीएक्स वारंवार काढला-घातला की सैल पडतो, म्हणून रोज सोडायची सवय लावू नका.

स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, तो कानाची नळी बंद झाल्यामुळे. जबड्याच्या हाडातून आलेली कंपनं एरवी बाहेर निघून जातात, ती आता आत अडकतात. त्यामुळे माणूस नकळत पुटपुटतो किंवा उलट ओरडतो. उपाय म्हणजे साइडटोन, म्हणजे माइकमधला तुमचा आवाज थोडासा तुमच्याच कानात परत सोडणं. हा यूएसबी साउंडकार्डमध्ये किंवा माइकच्या स्वतःच्या हेडफोन जॅकमध्ये असावा. विंडोजमधल्या ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ने काम होतं, पण आवाज जरा उशिरा परत येतो आणि स्वतःचं बोलणं उशिरा ऐकू आलं की जीभ अडखळते. साइडटोन मिळणार नसेल तर एकच तोडगा उरतो: जोरजोरात बोलण्याच्या प्रसंगी एक कान मोकळा ठेवणं.

पायरी ४: कानात बसतो का

इथे घाई करू नका. महागातला इअरफोन सैल बसला तर साध्या पण घट्ट बसलेल्या इअरफोनपुढे हरतो. कारण सरळ आहे. रबराच्या टिपने नळी हवाबंद झाली नाही तर खालचे सूर बाहेर गळतात, बास जातो, वरचे सूर बोचू लागतात. मग माणूस आवाज वाढवतो आणि तासाभरात कान दुखतो.

खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या असतात. मध्यम लावलेलीच येते आणि पुष्कळजण तीच कायम वापरतात. दोन्ही कान सारखे असतात असंही नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागणं अगदी नेहमीचं आहे. टिप बसवायची ती अशी:

१. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि थोडी मागे ओढा. त्यामुळे नळी सरळ होते.
२. इअरपीस आत सरकवा आणि हलकेच मागेपुढे फिरवा. दाबून कोंबू नका.
३. पाळी सोडा, तोंड दोन-तीनदा उघडमीट करा.
४. ४० ते ५० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा. दोन्हीकडे तो भरीव आणि सारखा ऐकू आला पाहिजे. इअरपीस बोटाने किंचित दाबल्यावर सूर एकदम वाढला, तर टिप लहान पडते आहे.
५. टिप बदलून पुन्हा तेच करा.

सिलिकॉनच्या टिपा धुता येतात, टिकतात. फोमच्या टिपा बाहेरचा आवाज जास्त अडवतात आणि घसरत नाहीत. पण त्या बोटांत गोल वळून दाबायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवायच्या. असं न करता घातल्या तर त्यांचा काहीच उपयोग नाही. फोम काही महिन्यांत लिबलिबीत होतो, त्याचा खर्च धरा. त्याने वरचे सूर थोडे दबतातही. तीक्ष्ण आवाजाच्या इअरफोनला हा दोष वरदान ठरतो.

वेगळ्या टिपा विकत घेताना इअरफोनच्या नळीचा, म्हणजे नॉझलचा व्यास पाहा. तो ४ ते ६.५ एमएमच्या दरम्यान काहीही असू शकतो. सैल टिप इअरफोनबरोबर बाहेर येण्याऐवजी कानातच राहते. असं झालं तर चिमटा घालून खोल ढकलू नका. सहज धरता आली तर काढा, नाहीतर डॉक्टर.

आता इअरपीसच्या अंगाकडे बघा. जाड, अनेक ड्रायव्हर कोंबलेला इअरपीस कानाच्या वाटीतल्या कुर्चेला टेकतो. पहिल्या दहा मिनिटांत ते जाणवत नाही, चाळिसाव्या मिनिटाला जाणवतं. म्हणून शक्य असेल तिथे परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी सलग दोन तास लावून बसा. आडवं पडून मोबाइलवर खेळणाऱ्यांनी कानाच्या पातळीबाहेर न येणारा चपटा इअरपीसच शोधावा.

घालताना पडद्याचा ‘टक’ असा बारीक आवाज येत असेल तर आत कोंडलेली हवा ड्रायव्हरचा पडदा वाकवते आहे. इअरपीस हळू घाला किंवा थोडी लहान टिप लावा. आणि वायर गालावरून सरळ खाली न सोडता कानावरून मागे न्या. कपड्याला घासल्याची धपधप कानात येते, ती याने जवळपास संपते.

पायरी ५: आता आवाज

ड्रायव्हरची संख्या ही जाहिरातीची गोष्ट आहे. ८ ते १० एमएमचा एकच चांगला डायनॅमिक ड्रायव्हर गेमला पुरेसा असतो. बॅलन्स्ड आर्मेचर हा ड्रायव्हरचा दुसरा प्रकार, श्रवणयंत्रांतही वापरला जाणारा. तो बारीक तपशील छान देतो, पण दोनतीन प्रकार एकत्र जुळवणं कठीण काम असल्याने चुकीचं जमलेलं पाच ड्रायव्हरचं मिश्रण एकट्या ड्रायव्हरपेक्षा वाईट वाजू शकतं.

नेमबाजीच्या गेमसाठी बास कमी हवा. नाही असं नव्हे, कमी. मोठा खालचा सूर त्याच्या वरच्या मंद सुरांना गिळतो, हा कानाचाच गुणधर्म आहे. स्फोटानंतर उमटणारं पाऊल, बंदूक भरल्याची खटक, दाराची कडी या गोष्टी बासाच्या ढिगाखाली जातात. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेला हेडसेट चाचणीत थरारक वाटतो आणि सामन्यात आंधळं करतो. कथेचे, शर्यतीचे गेम खेळणाऱ्याला मात्र तोच आवडेल, आणि त्यात काही चूक नाही. ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा उठाव असलेला आवाज कानाला नैसर्गिक वाटतो, कारण उघड्या कानाची नळी तिथेच आवाज वाढवते.

दिशा ओळखण्याबाबत गैरसमज फार आहेत. ‘७.१’ लिहिलेल्या हेडसेटमध्येही आवाज शेवटी दोनच कानांतून येतो. दिशेचं गणित सॉफ्टवेअर करतं. ते एकाच जागी करू द्या. गेममध्ये एचआरटीएफची (डोक्याच्या आणि कानाच्या आकारावरून दिशा भासवणाऱ्या गणिताची) सोय असेल तर ती चालू ठेवा, गेमचा आउटपुट स्टिरिओ किंवा हेडफोनवर ठेवा आणि विंडोज सोनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस किंवा हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधला सराउंड बंद करा. दोन्ही चालू राहिले तर आधीच वळवलेला आवाज दुसऱ्यांदा वळतो आणि सगळं दूर, विहिरीतल्यासारखं ऐकू येतं. प्लेस्टेशन ५ चं थ्रीडी ऑडिओ साध्या वायरच्या इअरफोनवरही चालतं. त्यासाठी खास हेडसेट घ्यायची गरज नाही.

आकड्यांपैकी दोनच पाहा. इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) १६ ते ३२ ओहम असला की मोबाइल आणि कंट्रोलर तो आरामात चालवतात. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो, हे काही कंपन्या एका मिलिवॉटला, तर काही एका व्होल्टला सांगतात. ३२ ओहमच्या इअरफोनला व्होल्टचा आकडा मिलिवॉटच्या आकड्यापेक्षा १५ डेसिबलने मोठा दिसतो, १६ ओहमला १८ ने. ‘१२३’ वाचून ‘१०५’वाला कमकुवत समजू नका, दोन्ही एकच असू शकतात.

फार संवेदनशील इअरफोन मदरबोर्डच्या जॅकला लावला की शांततेत सूं-सूं ऐकू येते, कधी माउस हलवला की किरकिर येते. डोक्यावरच्या मोठ्या हेडसेटवर हे लपून राहतं. लहान यूएसबी डॅक लावला की बहुतेक वेळा जातं. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमला २ ओहम. जास्त असेल तर आर्मेचर ड्रायव्हरच्या इअरफोनचा सूरच बदलतो.

स्ट्रीमआधीची जुळणी

विंडोजमध्ये आधी आवाजाच्या जुन्या पॅनेलमधल्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा. एरवी व्हॉइस चॅट सुरू झाली की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणू शकते आणि माणूस हेडसेटला शिव्या घालत बसतो. मग माइक आणि हेडफोन, दोन्हींचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ करा आणि ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच ठेवा. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असला तर कधी आवाज यंत्रमानवासारखा होतो, कधी तासाभराने ओठ आणि शब्द जुळेनासे होतात.

ओबीएसच्या मिक्सरमध्ये −२० पासून −९ डेसिबलपर्यंत पिवळा पट्टा असतो. नेहमीचं बोलणं त्या पिवळ्यात राहावं, हसताना-ओरडताना क्षणभर लाल लागला तर चालतं, ० ला कधीच टेकू नये. गेमचा आवाज −२५ च्या आसपास. माइकवर फिल्टर या क्रमाने: नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट दाबणारं), मग हवा असेल तर गेट (बोलणं नसताना माइक बंद करणारं), मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज खाली आणणारा), शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारा). कॉम्प्रेसरचं प्रमाण ओबीएस १०:१ देतं, ते ३:१ किंवा ४:१ वर आणा. लिमिटर −३ वर. वायरवरच्या माइकसाठी विंडोजमधला बूस्ट ३० डेसिबल ठेवण्याचा मोह होतो. त्याने खोलीही तितकीच वाढते. १० वर ठेवा आणि माइक तोंडाजवळ आणा.

अलर्टचे आवाज कानात ऐकायचे असतील तर त्या सोर्सला ‘मॉनिटर अँड आउटपुट’ करा. पण त्याच उपकरणाचा डेस्कटॉप ऑडिओही ओबीएस उचलत असेल तर प्रेक्षकांना प्रत्येक अलर्ट दोनदा जाईल. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. बरेच प्रेक्षक तसेच ऐकतात.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर माइकमध्ये घूं असा आवाज येतो का, हेही याच वेळी तपासा. चार्जर काढल्यावर तो थांबला तर दोष विजेच्या जोडणीचा आहे. वेगळं सॉकेट किंवा यूएसबी माइक वापरून पाहा.

वापर आणि देखभाल

एक बाजू हळू वाजू लागली की ड्रायव्हर गेला असं धरू नका. बहुतेक वेळा जाळीत मळ असतो. टिप काढा, नळीचं तोंड खाली करा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. जाळीवर पाणी किंवा स्पिरिट ओतू नका. सिलिकॉन टिपा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. घामट दिवसांत डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. वायर मोबाइलभोवती करकचून गुंडाळू नका. ती नेहमी पिनेच्या मानेशी किंवा वाय जोडापाशी तुटते.

आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. रोज चार तास खेळणाऱ्याचे आठवड्याला २८ तास होतात, म्हणजे ८३ सुद्धा त्याला जास्तच. घट्ट बसलेली टिप बाहेरचा गोंगाट अडवते, म्हणून कमी आवाजावर भागतं. बाहेर शांतता असताना आवाज ठरवा, त्या जागेवर खूण ठेवा आणि सामना तापल्यावर वाढवू नका. दर तासाला पाच-दहा मिनिटं इअरपीस काढून कान मोकळे राहू द्या, नळीतली ओल वाळते. कानात खाज, स्राव किंवा खेळ संपल्यावरही टिकणारा गुणगुणाट असेल तर इअरफोन बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांना दाखवा.